एडनाबाईंची न कापणारी सुरी

एडना प्राइस या बाईंना मराठीतल्या तीनच गोष्टी बोलता येत: ‘हात लावू नका’, ‘उकळा’ आणि ‘पुन्हा’. एवढ्या भांडवलावर त्यांनी आमच्यावर वर्षभर राज्य केलं. हे तिन्ही हुकूम त्यांना मीच शिकवले होते. म्हणजे माझ्या पाठीवरचा आसूड मीच वळून त्यांच्या हातात दिला होता.

बाहत्तरचा दुष्काळ होता. मिरजगावहून आत गेलं की एका गावाशी तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं तिथे माती उपसायला आणि खडी फोडायला येत. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक अजून मला ओळखतात. परदेशातल्या कुठल्याशा मदतसंस्थेनं कामावरच्या बायकापोरांसाठी तिथे दवाखाना काढला. दवाखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन बाकं, औषधांच्या पेट्या आणि विलायतेहून आलेली एक नर्स. नर्सला मराठी येईना, गावाला इंग्रजी येईना, म्हणून मधे एक दुभाषा हवा होता. मी संगमनेरला इंग्रजी घेऊन बी.ए. झालो होतो, पण ते इंग्रजी सगळं कवितांचं. चंडोल पक्ष्यावर मी इंग्रजीत अर्धा तास बोललो असतो. जुलाबाला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. तरी नेमणूक झाली, कारण दुसरा कुणी आलाच नाही.

माझं आडनाव वाघ. एडनाबाई शेडच्या दारातून ‘मिस्टर वाघ!’ अशी हाक मारायच्या तेव्हा रांगेतली पोरं घाबरून आईच्या पदरात शिरायची. मग वाघ समोर यायचा आणि पोरं हसायला लागायची.

बाई पन्नाशी ओलांडलेल्या. अंगानं उसाच्या कांड्यासारख्या सरळ, पायात पुरुषी बूट, डोक्यावर गवताची अशी टोपी की तिच्या सावलीत दोन शेळ्या बसाव्यात. सबंध जिल्हा ऊस गाळणारा, आणि या कोरा, बिनसाखरेचा चहा पीत. ज्या घराची पुढची खोली त्यांना राहायला दिली होती, त्या घराची मालकीण आनसाबाई. तिनं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं.

“मास्तर, बाईला इचारा, कुनाचं सुतक हाय का?”

“नाही हो. का?”

“साकर खात न्हाई, कुकू लावीत न्हाई, हसत न्हाई. मंग हाय तरी काय बाईला?”

इंग्रजी येतं म्हणजे मास्तर, असा तिथला हिशेब. मी बाईंना ‘आनसाबाई तुमच्या प्रकृतीची चौकशी करताहेत’ असं सांगितलं. माझं बरंचसं भाषांतर याच जातीचं असे. नाहीतर त्या गावात रोज रक्त सांडलं असतं.

बाईंचा स्वभाव कळायला एक सकाळ पुरे. स्टोव्हवर पत्र्याचा डबा, डब्यात पाणी, पाण्यात कात्र्या, चिमटे, सुया. शेजारी घड्याळ. घड्याळ सांगेल तोवर उकळायचं, मग चिमट्यानं उचलून उकळलेल्या फडक्यावर ठेवायचं, आणि तिथून कुणी त्याकडे नुसतं बघितलं तरी बाईंच्या कपाळाला आठी. एकदा मी एक कात्री उचलून “छान चकाकते” म्हणालो. बाईंनी ती कात्री, तिच्याबरोबरच्या सगळ्या वस्तू आणि ते फडकं परत डब्यात टाकलं. “पुन्हा!” मी सॉरी म्हणत टेकायला हात ठेवला तो धुतलेल्या बशीत. “पुन्हा!” रॉकेल संपलं तेव्हा ते मिरजगावहून सायकलवर आणायला अर्थातच वाघ.

आता आनसाबाईचं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय एडनाबाई म्हणजे एकाच हाताची टाळी. आनसाबाई गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिच्याकडे एक विळा होता, तिच्या सासूकडून आलेला, आणि नाळ कापण्यापलीकडे त्यानं दुसरं काही कापलं नव्हतं. गवताची काडीसुद्धा नाही. काम झालं की राखेनं पुसायचा, हळद लावायची, फडक्यात गुंडाळून टोपलीत सटवाईपुढे ठेवायचा. पाचवीची पूजा सोडली तर त्याला पाणी लागता कामा नये, विस्तव लागता कामा नये आणि दुसऱ्या कुणाचा हात तर लागताच कामा नये. लागला तर त्यातलं सत जातं. मी एकदा ती टोपली सरकवून बसायला जागा केली, तर तिनं मला घराबाहेर काढून उंबऱ्यावर पाणी शिंपडलं.

पहिल्या बाळंतपणाला तिची लेक पारू माहेरी आली होती. मुलगा झाला. नाळ आईनंच कापली. आठव्या दिवशी पोरानं दूध ओढायचं सोडलं, जबडा बसला, अंग धनुष्यासारखं वाकलं आणि गेलं. आनसाबाई म्हणायची, कुणाची तरी नजर. एडनाबाईंनी ही हकिकत माझ्या तोंडून ऐकली आणि ताबडतोब विचारलं, “नाळ कशानं कापली?” मी विळ्याचं सांगितलं. बाई उठून उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. मग म्हणाल्या, “नजर नाही, मिस्टर वाघ. धनुर्वात. गंज आणि राख.”

आणि पारू परत माहेरी आली होती, दिवस भरत आलेली. तेव्हा सगळं भांडण या एका प्रश्नाशी येऊन थांबलं होतं: पारूचं हे पोर कशानं सुटं करायचं?

“सांगा तिला,” एडनाबाई म्हणायच्या, “माझी उकळलेली कात्री, नाहीतर तिचा विळा उकळून. तिसरं काही नाही.”

“सांगा तिला,” आनसाबाई म्हणायची, “तिची कात्री कापडं बेतायला ठिव म्हनावं. अन इळा उकळायचा आसंल तर आदी मला उकळ.”

मी दोन्ही बाजूंना गुळमुळीत काहीतरी सांगायचो. दोघींनाही ते कळायचं. दोघी माझ्याकडे त्याच एका नजरेनं बघायच्या. त्या दोघींमध्ये एकमत होतं ते एवढ्याच बाबतीत.

हे सगळं चालू असताना एके दिवशी मला बाईंच्या खोलीत एक काळं मखमली गाठोडं दिसलं. बाई आंघोळीला गेलेल्या. मी ते उघडलं नाही, अशी माझी आठवण आहे. ते उघडलं गेलं. आत काळ्या मुठीची एक दुधारी सुरी, एक पेला, हातभर लांबीची गुळगुळीत काठी आणि चांदणी कोरलेली तांब्याची थाळी. मी सुरी उचलून अंगठ्यावर घासून पाहिली. बोथट! एवढी देखणी सुरी आणि लोणीसुद्धा कापणार नाही.

“हात लावू नका!”

बाई दारात. ओल्या केसांनी, टॉवेल गुंडाळलेल्या. त्या दिवशी मला जी व्याख्यानमाला मिळाली तिचा सारांश असा: ही सुरी कापण्यासाठी नाही.

“मग कशासाठी?”

“वर्तुळ आखण्यासाठी.”

“कशावर?”

“हवेत.”

बाईंना ताप आहे का ते बघावं असं माझ्या मनात आलं, पण थर्मामीटरही उकळलेलं असणार म्हणून गप्प बसलो. बाईंनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या देशात चंद्राची आणि भूमीची पूजा करणारा एक पंथ आहे, त्याला विक्का म्हणतात, आणि त्यातली माणसं स्वतःला विच म्हणवतात. “मी विच आहे, मिस्टर वाघ. संस्थेला सांगायची गरज नाही.”

सुरी त्यांना त्यांच्या गुरूकडून आली होती. गुरू म्हणजे त्यांच्या गावची एक म्हातारी. मरताना तिनं सुरी हाती दिली. पुढे बाईंनी जिला तयार केलं तिला ती जायची. तशी कुणी त्यांना अजून मिळाली नव्हती. अशी सुरी हाती आली की आधी तिच्यावरचा परका स्पर्श उतरवायचा. मिठाचं पाणी शिंपडायचं, ऊद दाखवायचा, ज्योतीवरून फिरवायची, वाहत्या पाण्यात धरायची, मग छातीशी धरून तिच्यावर आपला श्वास सोडायचा. एवढं झालं की ती आपली. दुसऱ्या कुणाचा हात लागला की सगळं पहिल्यापासून.

“पुन्हा,” मी म्हणालो.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या, आणि मिठाचा डबा काढला.

आनसाबाईनं दुपारीच मला गाठलं. “बाई खोलीत ऊद कशापाई जाळती?”

चेटकीण म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत दवाखाना रिकामा. म्हणून मी म्हणालो, “बाई त्यांच्याकडच्या देवऋषी आहेत.”

“मंग अंगारा देती का?”

“नाही.”

“घुमती का?”

“नाही हो.”

“मंग कसली देवरुशी? आपली येसूमामी बरी, घुमती तरी!” पण त्या दिवसापासून बाईंच्या खोलीकडे बघायची तिची नजर बदलली. म्हणजे आदर वाढला असं नव्हे. तांब्याची थाळी तिनं दुधावर झाकायला नेली आणि ती काठी शेळी हाकायला. बाईंचा अर्धा आठवडा मीठ आणि ऊद यांतच गेला. सुरीला मात्र ती कधी शिवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, “दुसरीच्या हत्याराला हात लावाया मी काय मास्तर हाय?”

आता माझा पराक्रम. मनापासून सांगतो, हेतू चांगला होता. बाईंच्या वाढदिवसाला आपण त्यांना काहीतरी द्यावं असं मला वाटलं. आणि मिरजगावच्या बाजारात सायकलच्या चाकावर सहाण फिरवणारा एक धारवाला बसायचा. बाईंना वाटत असणार, या दुष्काळी मुलखात धार कोण लावून देणार, म्हणून बिचाऱ्या ‘ही कापण्यासाठी नाही’ असं म्हणत असतील. आपल्याजवळ नसलेल्या गोष्टीला माणूस तत्त्वज्ञान लावतो. हा विचार मला त्या वेळी फार खोल वाटला. मी सुरी फडक्यातूनच उचलली, म्हणजे हात लावला नाही, आणि बाजारात नेली. धारवाल्यानं दोन्ही बाजूंनी अशी धार काढली की तिनं केस उभा चिरावा. वर तो म्हणाला, “सायेब, लोखंड लई जुनं हाय. आशी सुरी बोथट ठिवनारा मानूस येडा आसंल.” मी मान डोलावली.

वाढदिवसाच्या सकाळी मी ती कागदात बांधून बाईंना दिली आणि प्रात्यक्षिक म्हणून एक कांदा चिरून दाखवला.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाटेवर बसल्या आणि त्यांनी सुरीवरची कांद्याची चकती चिमटीत धरून बाजूला केली. मग म्हणाल्या, “मिस्टर वाघ, माझ्या गुरूनं ही सुरी सगळा जन्म सांभाळली. या सुरीनं लढाई पाहिली. घरावर बॉम्ब पडलेला पाहिला. तुम्ही मात्र तिला भेटला नव्हता.”

या वेळी मीठ-उदावर भागणार नव्हतं. वाहतं पाणी हवं होतं. बाहत्तर साली, कर्जत तालुक्यात, वाहतं पाणी! सीना नदीत पोरं विटीदांडू खेळत होती. विहिरींचे तळ दिसत होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं, अर्थ असा की नदी कोरडी पडली तीही बहुधा तुमच्यामुळेच. गावात पाणी वाहताना दिसे ते एकाच ठिकाणी: टँकर आला की त्याच्या तोटीतून.

टँकर आला. हंडे-कळश्यांची रांग मारुतीच्या देवळाला वळसा घालून गेलेली. त्या रांगेच्या तोंडाशी ती टोपी, ते बूट आणि हातात ती सुरी. बाईंनी तोटीखाली सुरी धरली आणि डोळे मिटून पुटपुटायला लागल्या. मग रांगेला कंठ फुटला.

“अगं बया, सुरी धुतीया! हितं पोरास्नी प्यायला न्हाई!”

“मास्तर, बाईला म्हनावं, ताटवाट्या बी आना की घासायला!”

“कांदा कापल्याला दिसतुया!” कुणीतरी म्हणालं. गावात काही लपत नाही.

बाईंनी डोळे मिटलेलेच. मी मधे उभा राहून “धार्मिक बाब आहे, धार्मिक बाब आहे” असं म्हणत होतो, आणि ढकलाढकलीत माझ्या डोक्यावर कुणाचा तरी रिकामा हंडा आदळला. तेवढ्यात आनसाबाई रांगेतून पुढे आली. आता ही बाईंचा हात ओढणार असं वाटलं. तिनं आपली घागर बरोबर सुरीच्या खाली लावली.

“गप गं समद्या,” ती म्हणाली. “धू म्हनावं किती धुयाची ती. थेंब खाली जात न्हाई. माजी पाळी हाय अन माजी घागर हाय.”

घागर भरली. बाईंनी डोळे उघडले आणि पहिल्यांदा आनसाबाईकडे नीट बघितलं. सुरी पुसली, काळ्या फडक्यात गुंडाळली. आनसाबाईनं घागर डोक्यावर घेतली आणि जाता जाता मला म्हणाली, “ह्ये पानी येगळं ठिवते. सुरीवरून आल्यालं हाय. पारूच्या येळंला.”

हे मी बाईंना सांगितलं नाही. विळा उकळू न देणारी बाई सुरीचं पाणी जपून ठेवते, हे ऐकून त्यांनी मलाच उकळलं असतं.

पारूची वेळ त्याच आठवड्यात आली. आणि इथे वाघांचा दुसरा पराक्रम. शेडमध्ये एकसारख्या दोन पत्र्याच्या पेट्या होत्या. एकीत औषधांच्या रिकाम्या बाटल्या, त्या नगरला परत पाठवायच्या. दुसरीत बाळंतपणाचं सामान, दवाखान्यातल्या होत्या नव्हत्या त्या कात्र्यांसकट, उकळून, फडक्यात बांधून, पारूसाठी बाईंनी स्वतः भरलेलं. सकाळी जीप आली. मी पेटी चढवली. दुपारी आनसाबाईच्या घरातून पारूचं कण्हणं ऐकू यायला लागलं, बाई पेटी उघडायला धावल्या आणि आत नीटनेटक्या रांगेत रिकाम्या बाटल्या.

“मिस्टर वाघ,” बाई हळूच म्हणाल्या. मला कळलं की पोरं आईच्या पदरात का शिरतात.

शेडमध्ये उरली होती ती कागद कापायची कात्री, एक पातं मोडलेली. माझं दाढीचं ब्लेड कामाला आलं असतं, पण पाणी वाचवायच्या नावाखाली मी दाढी वाढवली होती. न्हावी आपली धोकटी घेऊन कामावर गेलेला. घरात विळी होती ती पाटावर ठोकलेली. राहिल्या दोनच गोष्टी: टोपलीतला विळा आणि मखमलीतली सुरी.

मी दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून उभा. आतून दोन आवाज माझ्यावर येऊन आदळत होते आणि मधूनच तिसरा, पारूचा.

“सांगा तिला, विळा पाण्यात टाक. आत्ता. उकळा!”

“न्हाई म्हनावं! सासूचा हाय त्यो!”

“सांगा तिला, मागचं पोर यानंच गेलं!”

हे मी सांगितलं नाही. पण आनसाबाईला ते भाषांतराशिवाय कळलं असावं. मग तिचा आवाज आला, अगदी खालचा. “मास्तर, इचारा तिला. तिची सुरी घालती का पान्यात? तिची बी गुरूचीच हाय न्हवं? ती घालती का? अन नाळंला लावती का? तिनं घातली तर मी घालते.”

मी हे शब्दाला शब्द सांगितलं. उभ्या नोकरीत तेवढं एकच भाषांतर मी चोख केलं.

मग बूट वाजले. बाई माझ्या अंगावरून आपल्या खोलीत गेल्या आणि काळं गाठोडं घेऊन परत आल्या. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. चूल दाराशीच होती, तेवढी मला तिरक्या डोळ्यानं दिसे. तिच्यावर पातेलं होतं, त्यात त्या वेगळ्या ठेवलेल्या घागरीचं पाणी खळखळत होतं. बाईंनी फडकं सोडून सुरी पाण्यात सोडली. मूठ लाकडाची, पिढ्यानपिढ्या हातांनी काळी झालेली. पाणी चहासारखं झालं. बाईंनी ते ओतून दिलं, घागरीतलं उरलेलं पातेल्यात घातलं आणि स्वतःशीच म्हणाल्या, “पुन्हा.” मग टोपलीचं झाकण वाजलं आणि पातेल्यात दुसरं काहीतरी टणकन पडलं.

दुष्काळात दोन वेळा पाणी, आणि बाई घड्याळ बघत होत्या. पारूला घड्याळाशी काही कर्तव्य नव्हतं. तिनं पोर त्याआधीच बाहेर काढलं. मुलगी. तिचं रडणं ऐकून मी दारात मान वळवली, तर दोघी एकदम ओरडल्या, दोन वेगवेगळ्या भाषांत, पण मला अर्थ कळला. घड्याळ सांगेपर्यंत बाईंनी नाळेला हात लावू दिला नाही. मग सुरी काढली. विळ्याच्या पात्यावर गंजाचे खड्डे होते, ते उकळूनही जाण्यातले नव्हते. आनसाबाईनं स्वतःच तो बाजूला ठेवला.

सुरीनं एका झटक्यात कापलं. त्या मिरजगावच्या धारवाल्याचं नाव मी कुठेतरी घ्यायला हवं होतं असं मला वाटत राहिलं, पण ती वेळ नव्हती. त्यानंतरही कधी ती आली नाही.

संध्याकाळी बाई सुरी घ्यायला गेल्या तर आनसाबाईनं ती पारूच्या उशाखाली ठेवून दिलेली. “पाचवी व्हईस्तवर हलवायची न्हाई. जिनं नाळ कापली ती उशाला पायजे.”

“मिस्टर वाघ, त्या काय म्हणतात?”

“नंतर मिळेल म्हणतात.”

पाचव्या दिवशी सटवाईची पूजा. बाईंना बोलावणं आलं. पाटा मांडलेला, त्यावर हळदीकुंकू, भिजवलेले हरभरे, सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद नि टाक. पाट्याच्या मधोमध, शेजारी शेजारी, विळा आणि सुरी. आनसाबाईनं दोन्हींवर पाणी शिंपडलं. चिमूटभर मीठ ओवाळून टाकलं. ऊद दाखवला. निरांजनाच्या ज्योतीवरून दोन्ही फिरवली. मग पारूच्या पोरीला मांडीवर घेऊन तिनं त्या पात्यांवर हलकेच फुंकर घातली.

एडनाबाई हे सगळं भिंतीला टेकून बघत होत्या. मला वाटलं आता ‘हात लावू नका’ येणार. मी आधीच दाराजवळ सरकलो होतो. बाईंनी फक्त विचारलं, “हे त्यांना कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. इथे असंच करतात.”

“मीठ आधी की पाणी आधी?”

“पाणी.”

“आम्ही मीठ आधी घेतो,” बाई जराशा नाराजीनं म्हणाल्या.

आठव्या दिवशी दवाखाना मी सांभाळला, म्हणजे बंद ठेवला. बाई सकाळपासून आनसाबाईच्या जोत्यावर बसलेल्या, टोपी मांडीवर. आनसाबाई आत पोरीजवळ. पोरगी दूध ओढायची, झोपायची, उठून असा टाहो फोडायची की शेळीसुद्धा ओरडायला लागायची. एकेका टाहोला बाईंचे खांदे थोडे खाली यायचे. दिवस मावळताना पोरीनं शेवटचा मोठा सूर लावला, तेव्हा बाई उठल्या, टोपी घातली आणि मला म्हणाल्या, “उद्या दवाखाना वेळेवर उघडा, मिस्टर वाघ.”

सुरी त्यांना मिळाली नाही. बारशापर्यंत म्हणून राहिली. तेवढ्यात वरच्या आळीत दुसरी बाई अडली आणि तिच्या घरच्यांनी ‘ती उकळायची सुरी’ मागून नेली. मग तिसरीनं. बाई दर आठवड्याला मला पाठवायच्या आणि मी दर आठवड्याला हात हलवत परत यायचो. एकदा गेलो तर आनसाबाई एका बाळंतिणीच्या सासूवर खेकसत होती. सासूनं पातेलं लवकर उतरवलं होतं. “घड्याळ बगितलं का? न्हाई? पुन्हा!” तो ‘पुन्हा’ आमच्या बोलीतला नव्हताच. हुबेहूब बाईंचा होता, नाकातून आलेला.

पुढच्या वर्षी काम आटोपलं, दवाखाना उठला, बाईंना दुसरीकडे जायचा निरोप आला. निघायच्या सकाळी त्या म्हणाल्या, “मी स्वतः जाते. तुम्ही भाषांतराला चला.” मी पाठोपाठ गेलो. आनसाबाईनं मला उंबऱ्यावरच थांबवलं. “तुमी हितंच बसा, मास्तर.” आणि आतून बाईही म्हणाल्या, “तुमची गरज नाही, मिस्टर वाघ.” दार लागलं. एकीला मराठीतल्या तीन गोष्टी येत, दुसरीला इंग्रजीतली एकही नाही. आत बराच वेळ बोलणं चालू होतं. मधे एकदा हसण्याचा आवाज आला. बाईंचा होता की काय, शपथेवर सांगता येणार नाही, कारण त्याआधी मी तो कधी ऐकलाच नव्हता. दोन्ही भाषा येणारा एकटा मी, बाहेर शेळीशेजारी बसलो होतो.

बाई बाहेर आल्या त्या ते काळं मखमली गाठोडं छातीशी धरून. मिळाली एकदाची, मी मनात म्हटलं.

मिरजगावच्या स्टँडवर नगरची गाडी धुरळ्यात उभी होती. बाईंची ट्रंक मी टपावर चढवली. त्या खिडकीशी बसल्या, टोपी सरळ केली, गाठोडं मांडीवर घेतलं. तेव्हा मला दिसलं की त्याचा आकार बदलला आहे. सरळ नव्हता. चंद्रकोरीसारखा वळला होता, आणि एका टोकाला मखमलीतून हळदीचा पिवळा डाग उमटला होता.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडीला धक्का बसला आणि गाठोडं मांडीवरून घसरायला लागलं. मी झटकन खिडकीतून हात आत घातला.

“हात लावू नका!”

मी हात मागे घेतला.